मोठा झाला की

लहान मुलांच्या दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या बाईचा हात कागदावर होता, पण कान समोरच्या बाकावर. डॉक्टरांना दाखवून आलेली एक तरुण आई तिथे मुलाला बूट घालत होती. शेजारी एक वयस्क बाई एकट्याच बसल्या होत्या.

“काय होतंय गं याला?”

“झोपेत डोकं आपटतो, मावशी. भिंतीवर, धाड धाड, एका तालात. सकाळी त्याला पत्ताही नसतो.”

“भिंतीला गादी लावलीस?”

“लावली. तुम्हाला कसं ठाऊक?”

“माझाही आपटतो. मी मध्ये हात धरून झोपायचे.”

“डॉक्टर म्हणाले, मोठा झाला की आपोआप थांबेल.”

“हो. तसंच म्हणतात.”

“आता कसा आहे तुमचा?”

“बाहेरगावी कामाला लागला होता. खोलीत आणखी तिघं. ते हसतील म्हणून हा रात्र रात्र बसून काढायचा. मग एक दिवस मशीनवरच डुलकी लागली. दोन बोटं गेली.”

तरुण आईचा हात बुटाच्या नाडीवरच थांबला.

केसपेपर लिहिणारीने मान वर केली. “मावशी, पेशंटचं वय सांगा.”

“चोवीस.”

“अहो, हा लहान मुलांचा दवाखाना आहे!”

“माहीत आहे, बाई. त्याचा जुना कागद इथलाच आहे. हे बघा, ‘मोठा झाला की थांबेल’ असं लिहिलंय. मोठा म्हणजे केवढा, तेवढंच विचारून जाते.”