चढावरचं पाणी

सासू : खडू कसला फासतोस रे? इंजिन आहे का घराची भिंत?

मिस्त्री : थांबा जरा, वहिनी. रॉकेल लावलं, पुसून काढलं, वरून खडू फासला. कुठे चीर असली तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि खडू ओला होतो. चीर आपणहून बोलते.

सासू : माझ्यापुढे तोंड उघडायची हिंमत नाही व्हायची तिची. मी लग्न होऊन आले तेव्हा ही गाडी आधीच दारात उभी. सवतच माझी! पण कधी उलटून बोलली नाही. काही सुनांनी शिकावं.

सून : मी उलटून नाही बोलत, आई. मिस्त्रींनी दुसरं इंजिन बघून ठेवलंय, ते बसवू या, एवढंच म्हणते.

सासू : परक्याचं काळीज आणून माझ्या नवऱ्याच्या गाडीत घालायचं?

सून : काळीज नाही हो, लोखंड आहे ते.

सासू : तुझ्या माहेरी असेल लोखंड. हे गेले तेव्हा दरीतून वर काढलेली गाडी शेडमध्ये झाकून ठेवली मी, ती काय भंगारवाल्यासाठी?

मिस्त्री : दादांच्या हातचं इंजिन. माया मलाही आहे, वहिनी. पण मायेवर पिस्टन हलत नाही.

सासू : लोक काय बोलले विसरलास? म्हणे उताराला डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं, ब्रेकला हवा मिळाली नाही, म्हणून दरीत गेला. चिकटपणाने मेला म्हणे! अरे, जो माणूस वाटेत दिसेल त्याला फुकट गाडीत घ्यायचा, तो घोटभर डिझेलसाठी जीव देईल? हेच इंजिन पुन्हा चालू करायचं. त्याच उतारावरून माझ्या पोराने गाडी खाली आणायची. मग बघते कुणाची जीभ वळवळते ते.

सून : म्हणजे लोकांची तोंडं बंद करायला माझ्या नवऱ्याने त्या उतारावर जायचं?

सासू : तुझा नवरा नंतर. आधी माझा मुलगा.

मिस्त्री : वहिनी, इकडे या. उजेडाच्या बाजूने बघा.

सासू : काय आहे?

मिस्त्री : रेघ उमटायला लागली. केसाएवढीच दिसते… नाही. खाली चाललीय.

सून : अगं बाई. अजून चाललीच आहे.

सासू : उभ्या उभ्या तडकलं असेल. माणसाची हाडं नाही का धरत?

मिस्त्री : नाही, वहिनी. आत जुना गंज बसलाय. दादा होते तेव्हाची चीर आहे ही. आतून पाण्याच्या वाटेला जाऊन मिळालीय. अशी चीर उघडली की पाणी सिलिंडरमध्ये शिरतं आणि चालतं इंजिन गपकन बंद पडतं.

सासू : आपोआप?

मिस्त्री : आपोआप. दादांनी इंजिन बंद केलं नव्हतं.

सासू : ऐकलंस, सूनबाई? गळा फोडून सांगत होते मी! मिस्त्री, उद्या भर बाजारात उभा राहा आणि हेच सांग. एकेकाच्या तोंडावर सांग!

मिस्त्री : सांगेन.

सून : पण चीर पडली कशाने?

मिस्त्री : जाऊ द्या आता.

सासू : का म्हणून जाऊ द्यायचं? कुणा मेल्याने बिघडवलं, त्याचं नाव घे.

मिस्त्री : तापल्या तव्यावर गार पाणी मारलं तर काय होतं, वहिनी? तसंच हे. चढ चढून आलेलं इंजिन आधी निवू द्यायचं, मग पाणी घालायचं. लगेच ओतलं की लोखंड तडकतं. ही चीर एका दिवसाची नाही. खेपेखेपेला थोडी थोडी वाढलीय.

सून : आई…

सासू : बैल चढ चढून आला तर त्याला पाणी दाखवत नाहीत का?

मिस्त्री : बैलाची गोष्ट वेगळी.

सासू : हे म्हणायचे, तुझ्या हातचं पाणी प्यायल्याशिवाय ही उतरायला तयार होत नाही. वरच्या विहिरीचं पाणी, दात शिवशिवतील असं गार. मी बादली ओतायचे आणि अशी वाफ उठायची की हे दिसेनासे व्हायचे. नुसतं हसणं ऐकू यायचं.

सून : आणि त्या दिवशी?

सासू : त्या दिवशी बहिणीकडे राहायचं होतं, म्हणून वरच उतरले. पाणी ओतलं. म्हटलं, जा आता.

मिस्त्री : वहिनी, बसा जरा.

सासू : मला बसवू नकोस. पूस ते.

मिस्त्री : काय?

सासू : खडू पूस. वरून रंग मार आणि बसव इंजिन.

मिस्त्री : अहो, रंगाने चीर बुजते का?

सासू : दिसायची तर थांबेल. आजवर लोक म्हणाले, चिकट होता. उद्या म्हणतील, बायकोने मारला. त्यापेक्षा चिकटपणा परवडला.

सून : आणि तुमचा मुलगा?

(बाहेर पत्र्याचा आवाज होतो.)

मुलगा : झालं का गं, आई? बघ काय आणलंय! नवाकोरा डबा. चढ संपला की गाडीला पाणी पाजायला. तुझे गुडघे आता कुठे साथ देतायत? आता हीच येईल माझ्याबरोबर. तुम्ही दोघं जायचात ना, तसं. वर पोचलो की ही ओतेल, मी हसेन. … अरे, सगळ्यांची तोंडं का उतरलीत? मिस्त्रीकाका, काय निघालं आत?

मिस्त्री : आईला विचार.

मुलगा : आई?

सासू : डबा खाली ठेव.

मुलगा : का गं? गळका आहे की काय?

सासू : ठेव म्हणते ना. मिस्त्री, याला बसायला काहीतरी दे.