फटफटीचं अभ्यंगस्नान

...आणि वर मलाच विचारतात, आंघोळ घातलीतच कशाला? अहो, आंघोळच घातली ना, विहिरीत तर नाही ढकलली? नरकचतुर्दशीची पहाट. सगळ्या तांबट आळीत घंगाळं वाजतायत, घरोघरी कुणीतरी कुणाच्या तरी पाठीला तेल चोळतंय, आणि मी आपला हात खांद्यावरून मागे टाकून स्वतःच्याच पाठीशी कुस्ती खेळतोय... तुम्हाला सांगतो, माणसाला आपली पाठ मधोमध चोळता येत नाही. हा शोध मला बायको गेल्यावर लागला. तेल उरलं, उटणं उरलं, बंबात पाणीही उरलं. दारात फटफटी उभी. म्हटलं, घरात दुसरं आहे तरी कोण? बस पाटावर.

पाटावर म्हणजे अगदी पाटावर हं, पुढचं चाक. टाकीला तेल, दिव्याला तेल, इंजिनच्या फटीफटीतून उटणं, वरून ऊन ऊन पाणी, शेवटी औक्षण. आणि मारली किक. इंजिन गप्प. पुन्हा मारली. इंजिन गप्पच, पण भोंगा सुरू! कुणी दाबला नाही, कुणी शिवलं नाही, जो लागला तो थांबेचना. सोमा तांबटाच्या दुकानातले हंडे आपोआप घुमायला लागले, गोदेकाठची गाढवं उत्तरं द्यायला लागली, माणसं अंगाला उटणं फासलेली तशीच बाहेर आली. शेजारच्या सगुणाबाई हातात झारा घेऊन धावल्या.

"भाऊजी, काय झालं हो?"

"काही नाही वहिनी. आंघोळ घातली."

"कुणाला?"

आता काय सांगणार? तेवढ्यात आतून त्यांच्या सासूबाई बोलल्या. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांची कुजबुज पंचवटीपर्यंत पोचते. "अगं, त्या एकट्याला बोलाव फराळाला. सणाचा बिचारा उपाशी नको."

फराळाचं काही नाही हो, पण ते 'एकट्याला' असं काही लागलं... मी ताठ उभा राहिलो. म्हटलं, "छे छे, मला घोटीला जायचंय. मैना फराळाची थांबलीय."

मैना माझी बहीण. घोटीलाच होती, आळीला तेवढंच ठाऊक. तिच्या यजमानांची भुसावळला बदली झाली त्याला वर्ष झालं. आता घोटीत मला बघून शेपूट हलवील असं कुत्रंसुद्धा नाही. मग भुसावळला का नाही गेलात म्हणाल, तर बोलावलं असतं तर गेलो असतो की... ते जाऊ द्या.

पण बहीण खोळंबलीय म्हटल्यावर सगळी आळी कामाला लागली. कोपऱ्यावरचा सायकलवाला इसाक हत्यारांची पिशवी घेऊन आला. आधी त्यानं भोंग्याची तार काढली. मग वाकून हुंगलं.

"काका, मॅग्नेटोला चंदनाचा वास येतोय."

"उटणं आहे ते."

"गाडीला?"

"दिवाळी आहे, इसाक."

लेप लावायच्या ऐवजी खाऊन आलेल्या रोग्याकडे हकीम बघेल, तसं बघितलं त्यानं माझ्याकडे. "काका, वीज इथं तयार होते. इथून तारेनं प्लगात जाते, तिथं ठिणगी पडते, तेव्हा इंजिन बोलतं. तुम्ही विजेच्याच तोंडात बोळा कोंबला." अरे, आंघोळच घातली ना, विहिरीत तर नाही ढकलली?

प्लग काढून सगुणाबाईंच्या शेगडीवर ठेवला, चकलीच्या कढईशेजारी. ठिणगी येते का बघायला सोमानं तार धरली. मी किक मारली. सोमा हातभर उडाला आणि खाली येता येता म्हणाला, "येते हो. चांगली येते."

हे सगळं होईपर्यंत फराळाची ताटं बाहेर आली. मी त्या पाटावर बसलो, हातात चिवडा, भोवती माणसं, आणि कसाऱ्याच्या घाटात फटफटीचा ब्रेक तुटला तेव्हा पुढच्या मालगाडीला आकडा अडकवून मी कसा उतरलो ते सांगतोय. हसतायत सगळे. सासूबाईंना ऐकू येत नाही, त्याही हसतायत. वर्षभरात इतकी माणसं माझ्या दारात बसली नव्हती. मनात एकच, देवा, ही सुरू होऊ देऊ नकोस.

तर इसाक पुसून उठला. तो तिकडे वळला आणि मी... बोटभर उटणं, दुसरं काही नाही, हळूच मॅग्नेटोत.

"काका, आत्ता तर पुसलं होतं. हे ओलं कुठून आलं?"

"घाम येतो तिला."

त्यानं माझ्या बोटाकडे बघितलं, पुन्हा पुसलं आणि तिथंच बसून राहिला. मारली किक. जन्मात कधी पहिल्या किकेला बोलली नव्हती, ती अशी कडाडली! "निघा निघा, ताई वाट बघत असतील." सगुणाबाईंनी मैनासाठी डबा भरून दिला. माझ्या मागे ताटं उचलली, दारं लागली.

गेलो. कुठं जाणार? पांडवलेण्यांच्या पायथ्याशी झाडाखाली बसलो आणि मैनाचा फराळ खाल्ला. लगेच परतताही येईना, बहिणीच्या घरून इतक्यात कोण येतं? रस्त्यानं मोटारी जायच्या, वेग कमी करायच्या. "बंद पडलीय का?" मी म्हणायचो, "नाही हो, चालू आहे." की जायच्या निघून. चालू गाडीपाशी कोण थांबतं?

उन्हं कलल्यावर परत आलो. सगुणाबाई दारातच.

"मैनाताईंना चकली आवडली?"

आवडली म्हणून गप्प बसावं ना? पण नुसतं खोटं बोलून माझं कधी पोट भरलंय? म्हटलं, "आवडली हो. पण मोहन अंमळ कमी पडलं म्हणाली."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. "असं म्हणाल्या? मग परवा पाडव्याला नवा घाणा काढते. सकाळी गरम गरम घेऊन जा. इसाकभाईंना सांगून ठेवलंय, गाडी अडायची नाही."

म्हणजे परवा पुन्हा घोटी. पुन्हा ते झाड.

तेव्हा आता बंबात गोवऱ्या भरून ठेवल्यात. पाडव्यालाही आंघोळ असतेच की. या खेपेला उटणं जरा दाटच भिजवलंय.