मोटरसायकलवरून पडलेला मिस्त्री

—मोटरसायकल? नाई जी जवाईबुवा, पुन्हा एकदा सांगा, मले ऐकायची हौस आली. आमचे हे मोटरसायकलवरून पडले? या माणसानं जनमात सायकलचं पायडल नाई मारलं! पवनारहून वर्ध्याले जायचं तर बस, बस चुकली तर पायी. तिसऱ्या माळ्यावर बांबूवर उभं राहून दिवसभर गिलावा करन, पण कोणाच्या गाडीवर मागं बस म्हटलं का घाम फुटते. अशा माणसाले तुमच्या ठेकेदारानं, पुंडलिकराव शेठनं थेट मोटरसायकलवर बसवलं — अन् बसवलं तर बसवलं, वरून पाडलं बी! बसा ना, उभे काऊन? केळं आणले, ठेवा तिथं. तुमचे साडू आत खाटेवर हायत, ते कुठं जाते आता? डॉक्टरनं कमरेत सळई टाकली. म्हणे काठी धरून चालन, पण परांचीवर चढायचं नाव काढू नका. चंद्रभान मिस्त्रीले परांची नाई म्हणजे — जाऊ द्या, तुमाले काय सांगा, तुम्ही मुकादम. तुम्ही खालूनच बोट दाखवता.

मी तिथं नव्हती म्हणून मले काही ठाऊक नाई, असं समजू नका. सावंगीतली ती होस्टेलची बिल्डिंग — सकाळीच हे तुमाले म्हणाले का नाई, रूपराव, हा दोर कुजला, बांबू हालून राह्यला, दुसरा बांधून दे? म्हणाले. तुम्ही शेठले विचारलं का नाई? विचारलं. अन् शेठ काय म्हणे? आजचा दिवस धकवा, उद्या नवा आणू. उद्या! गरिबाच्या जिवाचं काम उद्यावर अन् शेठचा गिलावा आजच्या आज. दुपारी सुटली परांची, हे पाठीवर आदळले विटांच्या ढिगावर. अन् मंग काय तुरतुर आली शेठची गाडी! एरवी प्यायच्या पाण्याचं बोंबलून सांगतलं तरी आठ-आठ दिवस कोणी फिरकत नव्हतं. त्या गाडीत बसून तुम्ही दोघांनी रस्त्यानं असं काही शिजवलं, का साइटवरून उचलला तवा मिस्त्री होता अन् दवाखान्याच्या गेटावर उतरवला तवा मोटरसायकलवाला झाला!

कोणी सांगतलं म्हणता? वाऱ्यानं सांगतलं. वारा बम बोलते आजकाल.

मी पोचली तर ती नर्स मलेच विचारते — मावशी, गाडी कोणती होती, हेल्मेट होतं का? मले वाटलं दुसऱ्याच्या माणसाचं विचारून राह्यली. म्हटलं, बाई, हेल्मेट तर साइटवर बी नव्हतं, रस्त्यावर कुठून येईन? तुम्ही तिथंच खांबाआड उभे होते, मले दिसून राह्यले होते. मंग मीच डॉक्टरले हात धरून नेलं. म्हटलं, साहेब, याच्या केसात सिमेंट, कानात सिमेंट, नखात सिमेंट — सावंगीच्या रोडवर सिमेंट पेरलं हाय का? हसला बिचारा. पण त्यानं लिहिलेलं खोडलं अन् पोलिसाले कळवलं. यायले शुद्ध आली तशी यायनं बी पोलिसाले एकच सांगतलं — परांची सुटली. वाकडं नाई बोलले काही. तुमचं नाव बी नाई घेतलं. मले राग आला होता त्याचा, खरं सांगतो.

अन् आता तुम्ही म्हणता, अजूनबी वेळ गेली नाई, बेशुद्धीत बोललो म्हणा, गाडीच घसरली म्हणा, शेठ सांभाळून घेईन. कसा सांभाळते शेठ? परांची सांभाळली तसा? काय म्हणता? कोर्टात म्हातारे व्हाल? बांधकाम कामगाराचं कार्ड नाई? रोजानं जाणारा माणूस, शेठचा नोकरच नाई? — पाठ करून धाडलं वाटते तुमाले, शाळेत एवढं पाठ केलं असतं तर मुकादमी कराची पाळी नसती आली! मले बी अगोदर असंच वाटे. पण वर्ध्याले कोर्टाच्या आवारातच गरिबाले बिनपैशाचा वकील भेटते. अंजू मॅडम म्हणून हाय, दिसते पोरीसारखी, पण बोलाले लागली का झाडूनच काढते. म्हणे, कार्ड नसलं तर सरकारच्या कामगार मंडळाची मदत अडन, भरपाई नाई अडत. ज्यानं कामाले लावलं त्याच्यावर ती बसते, अन् त्यानं हात वर केले तर ज्याची बिल्डिंग त्याच्यावर. चूक कोणाची हे बी अगोदर शोधाले लागत नाई — कामावर होता, कामात लागलं, एवढं दिसलं का बस. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला! कामावर होता — तेच तर पुसायचं होतं ना तुमाले? त्याच्यासाठीच तर ती मोटरसायकल!

दावा टाकला आम्ही. हो, टाकला. असे काऊन पाहता? साक्षीले कोणी येणार नाई म्हणता — बाकीचे मजूर शेठनं दुसऱ्या साइटवर पांगवले, ठाऊक हाय मले. साक्षीची चिंता तुम्ही नका करू. सरिता तर मॅडमपाशी धडधड बोलली —

… काही नाई. चहा ठेवू का?

कोणती सरिता म्हणजे? माझी लहान बहीण, तुमची बायको, गावात अजून किती सरिता हायत? आता निघालंच तोंडातून. मैतरणीकडं जातो म्हणून गेलती ना? माझ्या संगं गेलती, बसनं. तुम्हीच तिच्यापाशी ताटावर बसून रडले — दोर कुजका होता, साडूनं सांगतलं होतं, मले घास उतरत नाई म्हणून. बायकोपाशी रडता अन् शेठपाशी मान हालवता! … कुठं निघाले? चपला काऊन घालून राह्यले? ए रूपराव! तिच्या अंगाले हात लागला तर याद राखजो! बस म्हटलं खाली — बस!

मॅडमनं बजावलं होतं, तुमच्यापाशी काही बोलू नका म्हणून. पण अर्धं ऐकून तू घरी गेला तर माझ्या बहिणीची खैर नाई, मंग पूरंच ऐक. तुझा शेठ तिकडं पोलिसाले काय म्हणे, ठाऊक हाय? म्हणे मले तर मोटरसायकलच सांगतली. अन् परांची असन तर ती बांधून घेणं मुकादमाचं काम, दोर कुजला हे रूपरावले ठाऊक होतं, त्यानं मले सांगतलंच नाई. हो, तुझंच नाव, मॅडमनं त्याच्या जबाबात वाचलं. तुझ्या बापाच्या नावासकट. मोटरसायकल चालली तर तो सुटला, नाई चालली तर तू अडकला — अन् तू त्याचे केळं घेऊन माझ्या दारी आला! मले सांग, सरिता तिथं रडली ते कोणासाठी? आमच्यासाठी? तुझ्यासाठी रडली. म्हणे, ताई, यायनं अगोदरच खरं सांगून टाकलं तर वाचतील, नाईतर शेठ यायलेच पुढं करन.

… काढल्या चपला? बरं केलं.

फोन वाजून राह्यला तुमचा. कोण, शेठ? उचला. सांगा त्याले, आनंदाबाई ऐकत नाई म्हणा. … उचला ना जी. … नाई उचलत?

मंग आत जा. साडूपाशी जाऊन बसा. मले काही सांगू नका, जे सांगायचं ते त्यायले सांगा. जा.

वाजू द्या त्याले.