बोटभर फट

(बंगळूर, बनशंकरी. डिसेंबरातली धुक्याची सकाळ. घराची बैठकीची खोली. एका कडेला बाळंतिणीच्या खोलीचं ओढून घेतलेलं दार.)

गोदूबाई : शेगडी उचलून अंगणात नेलीत, ते एक वेळ समजू शकते. वर पाणी कशाला ओतलंत, उमाकांतराव? बाळंतिणीच्या खोलीतला विस्तव कुणी असा विझवतं?

उमाकांत : विझवला नसता तर माझी पाठ फिरताच तो पुन्हा आत गेला असता, आई.

गोदूबाई : गेलाच असता.

आश्लेषा : अम्मा, निदान 'नाही' तरी म्हणायचंस.

गोदूबाई : जावयाशी खोटं कशाला बोलू? आणि तू त्या झोपाळ्यावरून ऊठ. इथे वारा लागतो. कानाचा रुमाल कुठे टाकलास? बाळाचं टोपरंही वर सरकलंय.

उमाकांत : त्या दोघी तूर्त त्या खोलीत जाणार नाहीत. कॅब येतेय. आधी डॉक्टरांकडे, दोघींची तपासणी करायला. तिथून सरळ महादेवपुऱ्याला, आमच्या घरी. बॅग भरली आहे.

गोदूबाई : सव्वा महिना व्हायच्या आत? बाळंतपण माहेरी, असं दोन्ही घरांत ठरलं होतं. तुमच्या आईंशी मी स्वतः बोलले होते.

उमाकांत : माहेराबद्दल माझी तक्रार नाही. हवेबद्दल आहे.

गोदूबाई : ही फोनवर काहीतरी बोलली असणार.

आश्लेषा : मी सहज म्हटलं, की धुरी झाली की डोकं दुखतं, मळमळतं, आणि बाहेर येऊन बसलं की उतरतं. याने ते वाक्य माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मग म्हणाला, खोलीतून बाहेर ये, बाळाला घेऊन, आत्ता. आणि निघालाच.

गोदूबाई : अय्यो, बाळंतिणीचं डोकं दुखणारच. अशक्तपणा असतो.

उमाकांत : अशक्तपणा वेळापत्रक पाळत नाही. हिचं दुखणं शेगडीबरोबर येतं आणि शेगडीबरोबर जातं.

गोदूबाई : मालनबाई अंघोळ घालायला येते, ती म्हणाली दृष्ट लागलीय.

उमाकांत : दृष्टही वेळापत्रक पाळत नसावी.

आश्लेषा : उमाकांत, नीट बोल.

उमाकांत : नीटच बोलतोय. आई, कोळसा बंद खोलीत जळतो तेव्हा त्यातून एक वायू निघतो. कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला आधी डोकेदुखी होते, मग झोप येते, आणि त्या झोपेतून प्रत्येक जण उठतोच असं नाही. लहान बाळाला तर डोकं दुखतंय हेही सांगता येत नाही.

गोदूबाई : मी धूर होऊ देत नाही. शेगडी अंगणात पेटवते, निखारे लालभडक झाले, धूर सरला, की मगच आत आणते. ओवा आणि सांब्राणीचा धूप टाकते, तेवढाच काय तो धूर. एवढं मला कळतं.

उमाकांत : तुम्ही काळजी घेता याबद्दल मला शंका नाही. पण धूर दिसत असता तर तुम्हीच खिडकी उघडली असती. लाल निखारे फसवतात ते धूर नसल्यामुळेच.

गोदूबाई : खिडकी मी उघडली नसती.

आश्लेषा : अम्मा...

गोदूबाई : नसती. तेही खोटं कशाला बोलू?

आश्लेषा : उमाकांत, तुला माहीत आहे ती खिडकी बंद का ठेवते. आता तो विषय नको.

उमाकांत : माहीत आहे. म्हणून शेगडीपासून सुरुवात केली.

गोदूबाई : आणि शेगडी मी हौसेनं पेटवते का? आत जाऊन भिंत बघा. पाळण्यामागे कॅलेंडर लावलंय, ते उचला.

उमाकांत : मघाशीच उचललं. खालपासून कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत काळी बुरशी आहे.

गोदूबाई : रोज पुसते. फिनेल लावते. दुसऱ्या सकाळी पुन्हा ओल. पलीकडे न्हाणीघर आहे, वाटलं नळी फुटली. शिवाप्पा प्लंबरला बोलावलं. त्याने फरशा फोडल्या, नळी उघडी केली. नळी खडखडीत कोरडी. तो म्हणाला, अम्मा, ही ओल कुठून येते ते देवाला ठाऊक. मग मी काय करायचं? भिंत वाळावी म्हणून निखारे वाढवले.

उमाकांत : आणि लंगोट?

गोदूबाई : या धुक्यात बाहेर कुठे वाळतात? आत दोरी बांधलीय, शेगडीच्या वर.

उमाकांत : आणि हिच्या अंघोळीची वाफ, न्हाणीघराच्या दारातून त्याच खोलीत. वरचा झरोका?

गोदूबाई : त्यात जुनी साडी कोंबली आहे. डास येतात. वारा पण येतो.

उमाकांत : म्हणजे बाहेर जायला कुठेच वाट नाही. आई, ओल देवाला ठाऊक असेलच, पण ती त्या दोरीवर टांगलेलीही आहे. लंगोटातलं पाणी हवेत जातं, हवेतलं भिंतीवर बसतं. भिंत ओली म्हणून तुम्ही निखारे वाढवता. ऊब जाऊ नये म्हणून खोली आणखी कोंडता. कोंडली की भिंत आणखी ओली.

गोदूबाई : बोलायला सोपं आहे. तुम्ही कचेरीत काय करता?

उमाकांत : उपकरणांच्या पेट्या दमट हवेत ठेवतो आणि आत पाणी साचतं का ते पाहतो.

गोदूबाई : माझी लेक पेटी नाही.

आश्लेषा : थँक्यू, अम्मा.

उमाकांत : फोन. एक मिनिट... हॅलो. हां, बनशंकरी. टेंपल... नो, नो, लेफ्ट अल्ल... सर, वन मिनिट...

गोदूबाई : द्या इकडे. हॅलो, देवस्थान बिट्टु मुंदे बन्नी. टँक हत्तिर येडक्के. सरी, सरी... घ्या. देवळाच्या पुढे ये, पाण्याच्या टाकीशी डावीकडे वळ, म्हणून सांगितलं. सिग्नलला अडकलाय, स्वल्प उशीर होईल म्हणतो.

आश्लेषा : अम्मा, तू त्याला वाट सांगितलीस?

गोदूबाई : मग, रस्ता चुकलेल्याला आणखी चुकवायचं? माझं भांडण तुझ्या नवऱ्याशी आहे, ड्रायव्हरशी नाही.

उमाकांत : आई, तो येईपर्यंत एक गोष्ट करून पाहू या. माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा असं काही नाही. स्टीलचे दोन पेले द्या.

गोदूबाई : कॉफी मघाशी नको म्हणालात.

उमाकांत : कॉफीसाठी नाही. दोन्हींत नळाचं पाणी भरायचं. एक त्या खोलीत पाळण्याशेजारी ठेवायचा आणि दार पुन्हा ओढून घ्यायचं. दुसरा अंगणात, पायरीवर.

गोदूबाई : फ्रिजचं पाणी घ्या ना. त्याने पेला पटकन ओला होतो.

उमाकांत : म्हणूनच नको. फ्रिजच्या पाण्याने तो कुठेही ओला होईल, त्यातून काही सिद्ध होत नाही. टाकीतलं पाणी या दिवसांत भिंतीइतकंच गार असतं. भिंतीचं काय होतं ते आपल्याला पेल्यावर दिसेल.

गोदूबाई : बाहेर धुकं पडलंय. बाहेरचा पेला जास्त ओला होणार, हे पोरसुद्धा सांगेल.

उमाकांत : झाला तर मी चुकलो. शिवाप्पाला पुन्हा बोलवा, उरलेली भिंत फोडा, खर्च माझा. फक्त एक आधीच सांगतो. शेगडीचा निर्णय या पेल्यांवर नाही. ती बाहेरच राहील.

गोदूबाई : पेले मी भरणार. ठेवणार पण मीच.

उमाकांत : तेच बरं. कोरडे पुसून ठेवा.

आश्लेषा : गेली. आता ऐक. तू कधीपासून फेऱ्या मारतोयस. खाली बस.

उमाकांत : बाळ एवढं झोपतं का नेहमी?

आश्लेषा : आत्ताच पोटभर प्यायलीय. पाय बघ, कशी लाथ मारते. आणि महादेवपुऱ्याचं म्हणशील, तर आपल्या बाथरूमच्या छतावरही काळे ठिपके आहेत. एक्झॉस्ट फॅनला तूच धुळीसाठी टेप लावलीस. पाऊस संपल्यापासून 'बघू' म्हणतोयस.

उमाकांत : तिथे शेगडी नाही.

आश्लेषा : तिथे अम्माही नाही. रात्री ही रडायला लागली की ती माझ्याआधी उठते. तू तिला चूक ठरवून आम्हाला घेऊन जाशील, आणि ती या घरात एकटी बसून काय म्हणेल माहीत आहे? दुसऱ्यांदा झालं. माझ्या हातात मूल टिकत नाही.

उमाकांत : मी तिला तसं म्हणालेलो नाही.

आश्लेषा : म्हणावं लागत नाही. तुम्ही दोघं मला आणि हिला कुठल्या डब्यात ठेवायचं यावर भांडताय. मला कुणी विचारलंय का?

उमाकांत : नाही. विचारायला हवं होतं. तुला काय हवंय?

आश्लेषा : डॉक्टरांकडे येते. लगेच. तुझी भीती खरी असली तर मला ती उशिरा कळायला नको. पण बॅगेचं मग ठरवू. ती आली.

गोदूबाई : बाहेरचा बघून आले, पायरीवरचा. हात फिरवला. पदराने पुसूनही पाहिला.

उमाकांत : आणि?

गोदूबाई : कोरडा. धुक्यात ठेवून कोरडा. आत चला, आतला तुम्ही बघा. मला नको.

आश्लेषा : मी जाऊ?

उमाकांत : तू इथेच थांब. आई, पेला तुम्ही ठेवलात, तुम्हीच बघा. मी दारात उभा आहे.

गोदूबाई : ...ओला. बोटं उमटतात. खाली टेबलावर गोल पडलाय.

उमाकांत : हं.

गोदूबाई : पण बाहेरची हवाच ओली असताना ती आत घेतली तर खोली कोरडी कशी होईल? हे मला समजवा.

उमाकांत : प्रश्न योग्य आहे. गार हवेत पाणी मुळात थोडंच मावतं. ती आत येऊन उबदार झाली की तिच्यात जागा होते. मग ती भिंतीवरचं, लंगोटांवरचं पाणी उचलते. पण बाहेर जायला वाट असेल तरच त्याचा उपयोग. नाहीतर आपण ते पाणी नुसतं कोंडतो.

गोदूबाई : म्हणजे एवढं पाणी मी कोंडलं. आणि तो तुमचा वायू.

उमाकांत : हो.

आश्लेषा : 'हो' काय? उमाकांत!

गोदूबाई : असू दे गं. विचारलं त्याचं उत्तर देतात, एवढं तरी आहे. उमाकांतराव, मग आणखी एक विचारते. रविकिरणच्या वेळी आम्ही जयनगरात होतो. हेच दिवस. मला गुदमरायला झालं म्हणून रात्री मी खिडकी उघडली. सकाळी त्याला ताप भरला. आठवडाही काढला नाही त्याने. सासूबाई म्हणाल्या, हवा लागली. यांची बहीण म्हणाली, आईनंच उघडली. बारशाला आलेल्या बायका पुन्हा आल्या आणि त्याही तेच म्हणाल्या. तुम्ही शिकलेले आहात. माझं बाळ त्या खिडकीनं गेलं का?

आश्लेषा : नाही, अम्मा. नाही गेलं. उमाकांत, सांग तिला.

उमाकांत : मला माहीत नाही.

आश्लेषा : काय बोलतोयस तू?

उमाकांत : नाही म्हणालो तर ते यांना बरं वाटावं म्हणून असेल, आणि ते यांना लगेच कळेल. आई, असा ताप जंतूंनी येतो, वाऱ्याने नाही. एका रात्रीच्या खिडकीने तो आला असेल, असं मला वाटत नाही. बहुधा तो आधीच त्याच्या अंगात होता. पण बाळाला नेमकं काय झालं होतं, ते कुणी तपासलं?

गोदूबाई : कोण तपासणार? वैद्यांनी मात्रा दिली.

उमाकांत : मग मी खात्रीने काहीच सांगू शकत नाही. पण एक खात्रीने सांगतो. ज्यांनी तुम्हाला सांगितलं, त्यांनाही माहीत नव्हतं.

आश्लेषा : अम्मा, बस इथे.

गोदूबाई : त्यांनाही माहीत नव्हतं.

उमाकांत : एकालाही नाही.

गोदूबाई : सगळे एवढ्या खात्रीनं बोलले, की मी कधी विचारलंच नाही, तुम्हाला कसं कळलं म्हणून. माझ्या सासूबाई तर त्या रात्री त्या खोलीत नव्हत्याही.

आश्लेषा : हॉर्न वाजतोय. कॅब आली वाटतं.

गोदूबाई : आणा बाळाला इकडे. टोपरं नीट बांधते. आशू, शाल घे. दोन घे. गाडीत काच खाली करायला सांगाल ना, उमाकांतराव?

उमाकांत : थोडी.

गोदूबाई : थोडी म्हणजे किती? नेमकं सांगा, तुम्हीच नेमकं सांगणारे.

उमाकांत : बोटभर. बाळ वाऱ्याच्या वाटेत नको. खोलीलाही तेवढंच. रात्रभर सताड उघडा, असं मी म्हणत नाही. झरोक्यातली साडी मात्र काढा, हवं तर जाळी लावू. लंगोट ऊन आलं की अंगणात.

गोदूबाई : आणि ऊन नाही आलं तर?

उमाकांत : तर मी महादेवपुऱ्याला नेऊन वाळवून आणीन.

आश्लेषा : हे लिहून घे, अम्मा. बॅग उचलू नकोस, उमाकांत. ती इथेच राहू दे.

उमाकांत : डॉक्टरांनी दुसरं काही सांगितलं तर?

आश्लेषा : तर ते ऐकू. नाहीतर मी इथेच परत येते. शेगडीशिवाय. तूही ये, रात्री. हिच्या रडण्याचीही तपासणी होऊ दे. अम्मा, तू येत नाहीस का? आणि आत कुठे निघालीस?

गोदूबाई : तुम्ही पुढे व्हा. डॉक्टरांनी काय सांगितलं ते लगेच फोन करा. मला इथे काम आहे.

आश्लेषा : उमाकांत, थांब. आतला पडदा हलतोय.

उमाकांत : पाहिलं.

आश्लेषा : अम्मा, एवढ्यात जाऊन उघडलीस? खोली गार होईल. निदान हे दार तरी लावून घेऊ?

गोदूबाई : दार असू दे. आतला पेला कोरडा होतो का, ते बघायचंय मला.

उमाकांत : त्यातलं पाणी एव्हाना कोमट झालं असेल, आई. त्यावरून आता काही कळणार नाही.

गोदूबाई : बदललंय मी.