कनानची फांदी

ताई: माझा हात सोड. आधी दफनभूमीचं फाटक उघडायला सांग, मग बोल.

पाळक: ताई, बस तरी. घामानं निथळते आहेस. पाणी आणू?

ताई: पाणी नको मला. माई सकाळपासून घरात पडून आहे. मी तिला आंघोळ घातली, केस विंचरले, धुतलेले कपडे घातले. जागा दाखवा म्हणून फाटकाशी गेले, तर तुझा कबर खोदणारा म्हणतो, वरून मनाई आहे. वरून म्हणजे कुठून रे? आभाळातून?

पाळक: चर्चच्या कमिटीनं ठरवलंय. मी एकटा काय करणार?

ताई: तू मंडळीचा पाळक आहेस की कमिटीचा शिपाई?

पाळक: हळू बोल. शेजारच्या खोलीत गाणाऱ्यांचा सराव चाललाय.

ताई: ऐकू दे की! त्यांनाही कळू दे. कोणत्या कारणानं नाही म्हणाले, सांग.

पाळक: तुला माहीत आहे.

ताई: मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

पाळक: माई... कालव्यापलीकडची होती. ती माणसं बायबलातल्या हामच्या वंशातली, त्याच्या मुलाच्या, कनानच्या फांदीतली, असा कमिटीचा समज आहे. शापित वंश, म्हणून मंडळीच्या जमिनीत नको.

ताई: समज! आणि हा समज तुझ्या खोलीच्या भिंतीवर कुणी टांगला? बघ ना त्या वंशावळीच्या तक्त्याकडे, मान का फिरवतोस? वर नोहा, खाली त्याचे तीन मुलगे. शेमला निळी शाई, याफेथला तांबडी, हामला काळी. निळ्या फांदीच्या टोकाला आपण बसलोय, अगदी ऐटीत. आणि काळ्या फांदीच्या टोकाला कोण? जिनं तुला वाढवलं ती!

पाळक: तो अभ्यास होता, ताई. प्राचीन लोक कुठून आले, कोण कुणाचे वंशज, हे शोधायचं होतं. कितीतरी वर्षं घातली मी त्यात.

ताई: घातलीस ना! आणि काय शोधलंस? आई गेली तेव्हा तू मुठीएवढा होतास. बाटलीला तोंड लावेनास. माईची स्वतःची पोर अंगावर पीत होती. पण आधी तुला, आणि उरलं तर तिला. मी दारात उभी राहून बघितलंय ते. तुझ्या ह्या तक्त्यात दुधाला कुठली शाई रे?

पाळक: असं बोलू नकोस.

ताई: मग कसं बोलू? तूच मला शिकवलंस, नोहा दारू पिऊन पडला होता म्हणून. उठला आणि तोंडाला येईल ते बोलला. चूक मुलाची आणि शाप नातवाला! त्या कनाननं काय केलं होतं? आणि कालव्यापलीकडचे त्याचे वंशज, हे तुला कुणी सांगितलं?

पाळक: कुणी नाही.

ताई: काय?

पाळक: कुणीच नाही सांगितलं. त्यांच्या जमातीचं जुनं नाव कनानच्या एका मुलाच्या नावासारखं ऐकू येतं, एवढंच. मी पेन्सिलीनं लिहिलं होतं, पुढे प्रश्नचिन्ह घालून. कमिटीनं तक्ता माझ्याच अक्षरात छापून आणला, तेव्हा प्रश्नचिन्ह नव्हतं.

ताई: आणि तू?

पाळक: सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला हार घातला. मी म्हटलं, नंतर सांगू.

ताई: नंतर! ह्या नंतरपायी त्यांच्या पोरांना आपल्या शाळेत मागच्या बाकावर बसवतात. दवाखान्यात त्यांच्या बाया माझ्याकडे तपासायला येतात, आणि रांगेतून आपल्या बाया उठून जातात. मला वाटायचं, लोक मूर्ख आहेत. माझ्या घरात शिजलंय हे, मला काय ठाऊक!

अध्यक्ष: येऊ का आत? पार रस्त्यापर्यंत आवाज येतोय, पाळकसाहेब.

ताई: या, अध्यक्ष. वखार बंद करून आलात वाटतं? तुमचीच वाट बघत होते.

अध्यक्ष: गिऱ्हाईक तसंच ठेवून आलो, बाई. तुमचं दुःख मी समजतो. म्हातारी भली होती. आम्ही काय राक्षस आहोत का? भिंतीबाहेर झाडाखाली चांगली जागा देतो. फळ्या माझ्या वखारीतल्या, उत्तम लाकूड. पेटी मी करून देतो.

ताई: भिंतीबाहेर तुमच्या आईला ठेवलं असतं का?

अध्यक्ष: आता हे बघा, गोष्ट वेगळी आहे. वंशाचा प्रश्न आहे.

ताई: वंशाचा ना? मग ख्रिस्ताच्या वंशावळीत राहाब आहे, ती कोण होती? सांग रे, तू सांग यांना.

पाळक: कनानी होती.

ताई: मोठ्यानं सांग.

पाळक: कनानी होती, अध्यक्ष. आणि रूथ मवाबी. दोघी परक्या, आणि दोघींची नावं त्यात आहेत.

अध्यक्ष: ते विद्वानांचं काम, साहेब. मी लाकूडवाला माणूस. मी तुमचा तक्ता वाचतो. तुमच्याच अक्षरातला आहे ना तो?

पाळक: माझ्याच अक्षरातला. आणि ती फांदी खोटी आहे. मी अंदाज केला होता. येत्या रविवारी उभा राहून सांगणार आहे.

अध्यक्ष: सांगा. मग लोक विचारतील, पाळकांनी आणखी कशाकशाचे अंदाज केले?

पाळक: विचारू देत.

अध्यक्ष: घर मंडळीचं आहे, साहेब, विसरू नका. पाळक बदलायला कमिटीची एक बैठक पुरते.

पाळक: बोलवा बैठक! आजच बोलवा! इतकी वर्षं तुमच्या तोंडाकडे बघून प्रार्थना केली मी. कुणाला काय आवडेल, कुणाच्या कपाळाला आठी पडेल! माझी माई तिकडे पडली आहे आणि मी तुमच्याशी फळ्यांचं बोलतोय! फाटकाची किल्ली द्या.

अध्यक्ष: खोदणारा हात लावणार नाही. मी बजावलंय त्याला.

पाळक: किल्ली द्या म्हणतोय ना!

अध्यक्ष: घ्या. पण लक्षात ठेवा, मी दिली नाही. तुम्ही घेतलीत.

पाळक: हो, घेतली. असंच सांगा सगळ्यांना. चल, ताई.

ताई: मला ओढू नकोस. तुझ्यासोबत येतेय म्हणजे माफ केलं असं समजू नकोस.

पाळक: नाही समजत.

(दफनभूमी. ऊन कलतं आहे. दोघे भाऊबहीण खणताहेत. फाटक उघडं आहे, बाहेर कालव्यापलीकडची काही माणसं थांबली आहेत.)

ताई: दे ते फावडं. पुस्तकं उचलून तुझे हात मऊ झालेत. फोड आलेत बघ.

पाळक: येऊ देत. बाहेर माईची मुलगी उभी आहे ना?

ताई: हो. मघापासून.

पाळक: तिला आत बोलाव.

ताई: तू बोलाव. मी का बोलावू? दूध तू प्यायलास तिच्या वाटचं.

पाळक: बोलावतो. तोंड दाखवायची लाज वाटते, पण बोलावतो. आधी एवढं होऊ दे. किती लांब खणायचं, ताई? माई चांगली उंच होती.

ताई: उंच कुठली रे! आज आंघोळ घातली ना मी. जेमतेम माझ्या खांद्याला लागेल. आपण लहान होतो.