दोन गड्यांचा शिनेमा

"...तुमच्या त्या शिनेमांनीच माझ्या पोराचं डोस्कं फिरवलं, आक्का!" म्हणती, आन् कुठं म्हणती, तर माझ्या दारात, माझ्याच जोत्यावर उभी ऱ्हाऊन, मीच दिलेल्या तांब्यातलं पाणी पिऊन! पाणी पिलं, तोंड पुसलं, आन् फुडं सुरू! आता तुमीच सांगा... न्हाई, उठू नगा, बसा, च्या टाकलाय... तुमीच सांगा, मी काय केलं? निस्ता शिनेमा सांगितला!

ही म्हंजी माझी धाकटी जाऊ, बनुबाई. दोघींचं नवरं गेलं, आता आमच्या दोघींत मधी एक भिंत तेवढी, तीबी एवढी पातळ की तिकडं तिनं फोडणी टाकली की हिकडं मी खोकते. तिला एकच पोरगं, जालिंदर. मला पोरबाळ न्हाई, म्हणून त्यातलं निम्मं माझं. हे जालिंदर मिल्ट्रीत हुतं, एकाहत्तरच्या लढाईत गुडघ्याला लागलं, पेन्शनीत आलं, आन् येताना संगं पलटणीतला दोस्त घेऊन आलं. सयाजी. जतकडचा, वाळल्या मुलखातला, बोलताना मधीच एखादा कानडी शब्द टाकणार, आन् भाकरी अशी करणार की गावातल्या सुनांनी बघत बसावं. चार दिस ऱ्हातो म्हणून आला. त्यानंतर लावणीचा ऊस तुटून गेला, त्याच बुडख्यांचा खोडवाबी तुटून गेला, गडी अजून हायच! दोघं मळ्यातल्या खोलीत ऱ्हात्यात, इंजन चालवत्यात, ऊस बघत्यात. आन् मी मळ्यात जाऊन बसते तवा काय बघते, तर जालिंदर इंजनाखाली वाकल्यालं असतंय, हात मागं करतंय, आन् सयाजी त्या हातात पाना ठेवतोय. तोंडातनं शबूद न्हाई, वळून बघणं न्हाई, आन् पाना पायजे तोच! आवं, आमच्या मालकांसंगं मी जलमभर संसार केला, पर मी हात फुडं केला की शेवटपातूर हे इचारायचं, "काय पायजे?"

तवाच मी वळखलं. कुणी सांगितलं न्हाई मला. शिनेमानं शिकवलं हुतं.

हसू नगा. मी शाळंची पायरी चढले न्हाई, पर वाचाय येतंय मला, आन् ते कुठं शिकले? आष्ट्याच्या बाजारात भितीवर शिनेमाचं कागूद चिकटवायची, गाडीवरचा गडी कर्ण्यातनं वरडत जायचा, मी त्येचं वरडणं कानात धरायची आन् कागदावरचं अक्षार डोळ्यात. असं जुळवत जुळवत शिकले. तवापासनं आष्ट्याच्या शिनेमाच्या तंबूत नवा शिनेमा लागला की गावातल्या बायका आधी माझ्याकडं. "शालूबाई, बघावा का वं?" मी बघ म्हणलं तर बघायचं, मी थुकले तर तंबू मोकळा! आता तंबूवाला मला तिकीट मागत न्हाई. मागून बघंल का! एकदा मागितलं हुतं, त्या आठवड्यात बायकांच्या बाजूला निस्ती सतरंजी बसली हुती.

तर माझ्या आवडीचं शिनेमं कुठलं म्हणाल, तर दोन गड्यांचं. व्हय, दोन गड्यांचं. नटी असती त्यात, न्हाई कशाला, असती की, पर ताटात लोणचं असतंय तशी. जेवण येगळंच चाललेलं असतंय. झाडाभवती पळायचं ते तिच्यासंगं, आन् ताप आला की उशाला बसायचा कोण? दोस्त! "दोस्त दोस्त" म्हणत्यात निस्तं. दोस्ताच्या अंगावर वाकळ टाकताना कुणाचा हात थरथरतोय व्हय? मी गाण्याकडं बघत न्हाई, मी हाताकडं बघते. गाणं लिवणारा खोटं लिवंल, हाताला खोटं जमत न्हाई. बाकीच्या बाया रडत्यात नटीसाठी, आन् मी आपली कोपऱ्यात बसून रडते त्या दुसऱ्या गड्यासाठी, ज्यो लग्नात वाजंत्र्याच्या मागं उभा ऱ्हाऊन हसतोय.

पर एक गोष्ट सांगते, माझा लय राग हाय तिथं. ह्या दोघांतला एक मरतोच! दर शिनेमात! येवढं तीन तास लावून धरायचं, एकाच ताटात जेवाय घालायचं, आन् शेवटाला आणायची एक गोळी, आन् घालायची एकाला. दुसऱ्याच्या मांडीवर मान टाकली, की झालं, उठा, चला घरी! का रं बाबा? का म्हणून? जगला असता तर तुमच्या बाचं काय जात हुतं?

तर आता बनू. जालिंदर तिशीला आलं, तिनं पोरी बघाय सुरवात केली. मी म्हणलं, हिला कळायला पायजे. पर कसं? आन् मला वाटलं, शिनेमा हाय की! मी गावाला सांगते, घरच्या माणसाला सांगू नगं? आपला हिशोब सरळ हुता: बघंल, मनाशी जुळवंल, गप बसंल.

पयला दावला ट्रकवाल्यांचा. आष्ट्याच्या तंबूत. दोन डायवर, एकच ट्रक, एकच बिडी अर्धी-अर्धी, आन् शेवटाला घाटात एक जातोय. मी पदराला नाक पुसत बाहीर आले, म्हणलं, "काय बनू, कसं वाटलं?" म्हणती कशी, "आक्का, ट्रकला म्होरं लिंबू-मिरची बांधली नव्हती. मी सुरवातीलाच बघितलं."

घ्या!

बरं म्हणलं, ट्रक नगं, आपल्या मुलखातलं दावू. तालमीतल्या दोघांचा लागला. एकमेकाला माती लावत्यात, एकमेकाचं पाय चेपत्यात, एक कुस्ती हारतोय ती मुद्दाम, दुसऱ्यासाठी. आता हे तरी कळावं का नगं? बाहीर आली, म्हणती, "खुराक चांगला हुता. म्हैस जाफराबादी वाटली."

मी म्हणलं जाऊंदे, मोठं औषध देऊ. सांगलीत कालिजातली मास्तर मंडळी ऐतवारी सकाळी भाईरदेशातलं शिनेमं लावत्यात, भितीवर वाचलं मी. हिला यष्टीत घातली आन् गेले. दारावरचा पोरगेला मास्तर म्हणतोय, "आजी, हा तुमच्यासाठी नाही हो, इंग्रजी आहे, समजायचा नाही." म्हणलं, "बाबा, माझ्यासाठी काय हाय ते मी ठरवीन, तू बाकडं सरकव." आन् काय शिनेमा हुता म्हणून सांगू! एक म्हातारा, एक तरणा, बर्फातलं घर, बोलणं थोडं, आन् लाज कशाची न्हाई. तिथं "दोस्त" म्हणायची भानगडच न्हाई! एका पांघरुणात दोघं, आन् म्हातारा त्येच्या केसांतनं हात फिरवतोय. मी म्हणलं, झालं, हितं तरी आंधळ्यालाबी दिसंल. बाहीर आलो. मी इचारलं. बनू म्हणती, "बिचारी! थंडी केवढी हाय वं त्येंच्यात, म्हणून एका पांघरुणात निजत्यात."

मी म्हणलं, "आन् आपल्या मळ्यात? चैताच्या म्हैन्यात?"

तर माझ्याकडं न बघता म्हणती, "यष्टी चुकंल, आक्का."

दमले वं मी. खरंच दमले. शिनेमा सांगायचा किती? माणसानं ताट वाढावं, घास भरवावा, आता चावायचंबी मीच का?

आन् मंग गावला मला माझा शिनेमा! गेल्या म्हैन्यात, सांगलीतच. दोन नावाडी. नदीला पूर येतोय, मला वाटलं, आला, आता एक बुडणार. न्हाई बुडला! गावगुंड येतोय, मला वाटलं, आता गोळी. न्हाई लागली! शेवटाला दोघं म्हातारं झाल्यात, नावेला फळकुट ठोकत बसल्यात आन् भांडत्यात, "खिळा असा न्हाई, तसा मार." आन् संपला! दोघंबी जित्ती! मी उठंना खुर्चीवरनं. झाडूवाला आला, म्हणला, "मावशी, संपला." म्हणलं, "संपला न्हाई लेका, तेच तर बघत बसलीया."

म्हणलं, हा सगळ्यांस्नी दावायचा. बनू, जालिंदर, सयाजी, चौघं गेलो. बनू ह्या टोकाला, मंग मी, मंग जालिंदर, मंग सयाजी. आता मी शिनेमात गुंग. मला काय ठावं बाजूला काय चाललंय! ते नाव ठोकायचं आलं आन् जालिंदर रडाय लागलं. बाप गेला तवा न्हाई रडलं, गुडघ्यातनं लोखंड काढलं तवा न्हाई रडलं, आन् हितं हुंदकं! तवा मी वळून बघितलं. आन् सयाजीनं काय केलं, पडद्यावरची नजर हलवली न्हाई, निस्ता हात मागनं घातला आन् त्येच्या पाठीवर ठेवला. ठेवला त्यो ठेवलाच.

आन् बनूनं शिनेमा बघितलाच न्हाई. ती माझ्या डोक्यावरनं त्यो हात बघत हुती.

मला वाटलं, सुटले! पोचलं एकदाचं! आवं कसलं! दुसऱ्या दिशी ही फलटणला गेली, आन् तिथली एक पोरगी, अंजना, बाप साखर कारखान्यात हाय, तिची बोलणी पक्की करून आली. येत्या बेस्तरवारी सुपारी! मी दावला दोघं जगत्यात त्यो शिनेमा, हिनं उचलली सुपारी! आन् आज सकाळी जालिंदरनं भाकरी बाजूला सारली, म्हणलं, "आये, मला लगीन करायचं न्हाई." का, ते न्हाई सांगितलं. उठून मळ्याकडं गेलं. आन् ही आली माझ्या जोत्यावर. "तुमच्या शिनेमांनीच..."

मी काय केलं? निस्ता शिनेमा सांगितला!

मंग मीबी तापले. म्हणलं, "बने, पोरगं तुझं हाय, कर काय करायचं ते. पर त्या अंजनानं तुझं काय घोडं मारलंय? ती येणार, हळद लावून येणार, आन् ह्या घरात जलमभर लोणचं म्हणून ऱ्हाणार? तिच्या आयनं तिला त्येच्यापायी वाढवली व्हय? तिघं मारशील एका सुपारीत! आन् तुला दिसंना? चार-चार शिनेमं दावलं, तुला लिंबू-मिरची दिसती, म्हैस दिसती, थंडी दिसती, आन् पोटचं पोरगं दिसंना?"

तशी बनू आत आली आन् भिंतीला टेकून खाली बसली. आन् बोलाय लागली, बारीक आवाजात. तिचा वरडा मी झेलते वं, पर तिचा बारीक आवाज मला सोसत न्हाई.

"मला दिसत न्हाई म्हणता, आक्का? मला ट्रकच्या शिनेमातच कळलं. त्येच्याबी आधी कळलं हुतं. लिंबू-मिरची म्हणलं मी. मंग काय म्हणायचं हुतं? तंबूच्या दारात, निम्मा गाव शेंगा खात उभा, आन् मी म्हणायचं, 'व्हय, माझा ल्योक असाच हाय'? तुमी गावात सरपंचाला फाडून खाता. तलाठी तुमास्नी बघून सायकल वळवतोय. आन् मला एक गोष्ट सांगायची तर सांगलीपातूर यष्टीची तिकिटं काढत बसला? चुलीम्होरं बसून एकदा म्हणाला असता, 'बनू, असं असं हाय.' मी रडले असते. तुमास्नी शिव्या घातल्या असत्या. आन् मंग गप झाले असते. तुमी सांगंना, पोरगं सांगंना, त्यो जतवाला तर मान वर करून बघंना! जो त्यो मला अंधारात बसवतोय आन् म्हणतोय, बघ! मी म्हणलं, कुणी बोलतच न्हाई तर नसंलच तसं काय. लावू लगीन, निघंल निभावून."

आता मला सांगा, ह्याच्यावर काय बोलायचं? माझं तोंड! गावाला ठावं हाय माझं तोंड! आन् ते असं मिटलं, जसं कुणी वर पाटा ठेवला. तिच्यासाठी टाकलेला च्या उतू गेला, तरी मी हलंना.

मंग बसले तिच्याम्होरं. म्हणलं, "बनू, तुझं पोरगं सयाजीचं हाय, आन् सयाजी त्येचा. चांगलं चाललंय त्येंचं. हे घे. सांगितलं."

तिनं पदराचं टोक घेतलं, पिळलं, सोडलं. मंग इचारती, "आक्का, खरं सांगा... ह्येंच्यात शेवटाला कुणी मरायचं न्हाई न्हवं?"

म्हणलं, "आपुन मारलं न्हाई तर न्हाई मरत."

"आन् गाव?"

"गावाला मी हाय."

उठली. नाक शिंकरलं. लुगडं झाडलं. दारापातूर गेली, मला वाटलं, झालं, मिटलं, आता उठून सांडल्याला च्या पुसावा. तर ही उंबऱ्यात वळली, आन् मला, थोरल्या जावंला, बोट दाखवून म्हणती:

"बरं. सुपारी फुटत न्हाई. पर उद्या फलटणला पोरीच्या बाला सांगायला तुमी जायचं, आक्का... आन् तोंडानं सांगायचं, त्येला शिनेमाला न्यायचं न्हाई!"