चाकाखालची वीट

रेकॉर्डिंग सुरू झालं ना? मग ऐका, आम्ही मूळचे धुळ्याकडचे. वडील रेल्वेत लागले आणि बडोद्याला आले, मग मी इथंच जन्मलो, इथंच दहावी झालो, घरात मराठी आणि बाहेर गुजराती, आता चिडलो की कुठली भाषा तोंडात येते माझी मलाच कळत नाही. दहावीनंतर रावपुऱ्यात एका उस्तादाकडे गाड्यांचं वायरिंग शिकलो. उस्ताद बोलायचा नाही बघा. त्याच्या हाताकडे बघायचं आणि शिकायचं, विचारलं तर म्हणायचा डोळे घरी ठेवून आलास का. मी तसाच शिकलो आणि चांगला शिकलो, खोटं कशाला बोलू. पादरा म्हणून जवळच गाव आहे, त्या रस्त्याला माझं दुकान आहे, तीस वर्षं झाली. सेल्फचं काम असेल तर पाटीलभाईकडे जा, असं लोक म्हणायचे.

सेल्फ म्हणजे काय, तर किल्ली फिरवली की इंजिनाला फिरवून जागं करतो तो. इंजिन लागलं की त्यानं सुटायला पाहिजे. मनुभाईंच्या पिकअपचा सुटायचा नाही. मनुभाई पादऱ्याचे, भाजी भरून शहरात आणायचे, गाडी जुनी. एक दिवस आले ते किल्ली काढून हातात धरलेली आणि गाडी खालून ओरडतेय. मी किल्लीकडून येणारी बारीक वायर उपटून पाहिली, तरी थांबेना, म्हणजे किल्लीचा दोष नव्हता, सेल्फच्या डोक्यावर डबी असते तिच्यातलं तांबं चिकटलं होतं. गाडीखाली आडवा झालो, हातोडीच्या दांड्यानं दोन टोले दिले, सुटला. डबी नवी घालायला पाहिजे होती, पण मनुभाई म्हणाले सीझन चाले छे, पछी करीशुं, म्हणजे नंतर करू. मी म्हणलं हरकत नाही, या इकडे, तुम्हाला टोला शिकवतो. गिऱ्हाईकाला खर्चात न घालणारा माणूस असं माझं नाव होतं, आणि ते नाव मला आवडायचं.

दोन वर्षं त्यांनी टोल्यावर काढली. मग मागच्या हिवाळ्यात, मंडईबाहेर थोडा उतार आहे तिथं, सेल्फ चिकटला. त्यांनी किल्ली बंद केली, इंजिन बंद पडलं, सेल्फ ओरडतोच आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेकनं जेमतेम धरलेली. मनुभाई घाईनं खाली शिरले, टोला दिला, सेल्फ सुटताना गाडीला हिसका बसला, हँडब्रेक सुटला आणि चाक पायावरून गेलं.

मला निरोप आला संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी दुकानात एका गाडीखाली जायचं होतं, वाकलो, आणि काय सांगू तुम्हाला, माझाच हात मला दिसला. वीट उचलून चाकाला लावत होता. तीस वर्षं लावतोय. मनुभाईंच्या गाडीलाही लावली होती, त्यांच्या डोळ्यांदेखत. पण तोंडानं नाही बोललो. टोला शिकवला, वीट नाही शिकवली. ते बिचारे टोल्याकडे बघत होते, चाकाकडे कशाला बघतील, ते काय उस्तादाकडे शिकायला आले होते?

दवाखान्यात गेलो तर पायात सळई घातलेली, आणि मला म्हणतात मारी ज भूल, पाटीलभाई, माझीच चूक, घाई केली. त्यांच्या सुनेनं चहा दिला. विटेचं बोलायला तोंड उघडलं आणि म्हणलं, साखर बरोबर आहे.

आता मी कोणाला टोला शिकवत नाही. डबी बदलल्याशिवाय गाडी सोडत नाही. लोक म्हणतात पाटीलभाई लोभी झाला. म्हणू देत. मनुभाई काठी घेऊन चालतात, तरी गिऱ्हाईक माझ्याकडेच पाठवतात, त्याचीच मला जास्त लाज वाटते. तीनदा पादऱ्याला जाऊन आलो, तीनदा हवापाण्याच्या गप्पा मारून परत. पिकअप आता सून चालवते, गुणाची पोर आहे, देव तिला सुखी ठेवो. गेल्या आठवड्यात गाडी घेऊन आली तेव्हा तिच्या सीटखाली मी एक वीट ठेवली. तिनं विचारलं, काका, ही कशाला? मी म्हणलं असू दे.

असू दे म्हणलं. बघा, तुम्हाला सांगताना आत्ता माझ्या ध्यानात येतंय, परत तेच केलं मी. थांबा जरा, तुमचं ते रेकॉर्डिंग बंद करा. आधी तिला फोन लावतो.